मामाजी आणि कोपराचा स्क्रू

मामाजी घराबाहेर पडले की गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि तिथून परत यायचे. गॅस बंद आहे का, हे पाहायला. तो बंदच असायचा. कुलूप लावून पुन्हा निघायचे. थोडं पुढे गेल्यावर कुलूप ओढून पाहिलं की नाही, अशी शंका यायची आणि पुन्हा माघारी. समोरच्या शोभाताई ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या असायच्या. त्या म्हणायच्या, "जा भाऊजी, मी पाहून राहिली तुमच्या कुलपाकडे." मामाजी हसायचे, पण कुलूप ओढल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात त्यांचं आयुष्य गेलं. थान उलगडायचं, मोजायचं, पुन्हा घडी घालायची. अंगानं सडपातळ, पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. दुकान सुटलं आणि काळजी करायला त्यांना पूर्ण दिवस मोकळा मिळाला. आभाळ भरून आलं की काळजी, ऊन तापलं की काळजी, फोन वाजला तरी आणि वाजला नाही तरीही. गल्लीतून कोणीही बाहेर निघालं, अगदी दूधवाला निघाला तरी ते फाटकातून म्हणायचे, "सांभाळून जाजो गा." गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नावच पाडलं होतं, जाजोकाका.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. एका लग्नाला म्हणून त्या कामठीला गेल्या होत्या आणि तिथेच छातीत कळ येऊन गेल्या. त्यानंतर मामाजी असे झाले, असं नातेवाईक सांगायचे. माझा नवरा विजय मात्र म्हणायचा, "काही नाही. बाबा पहिल्यापासून असेच. मी शाळेच्या सहलीला गेलो, तं हे सहलीच्या गाडीमागे सायकल घेऊन निघाले होते." त्याबद्दल मी एकदा विचारलं तर मामाजी लाजले. म्हणाले, "भेव लागते म्हणून तं माणूस जपते वं बाई. ज्याले कशाचंच भेव नाही, त्याच्या घरच्यायनं काय करावं?"

मला बसवाहकाची नोकरी लागली तेव्हा साऱ्या घरात आनंद झाला. विजय पुण्याला एका कारखान्यात होता, महिन्यातून एखाद्या वेळेस यायचा. आता घरात दोन पगार होणार होते. मामाजींनी शेजारी पेढे वाटले, पण त्यांची झोप उडाली. गर्दी, चढणारी-उतरणारी माणसं, दारू पिऊन चढणारे, अचानक लागणारे ब्रेक, या सगळ्याची त्यांनी मनात उजळणी केली असणार. पहिल्या दिवशी माझी ड्युटी रामटेकच्या गाडीवर होती. बस शहराबाहेर पडता पडता एका थांब्यावर दुपट्ट्यानं तोंड बांधलेला एक म्हातारा चढला आणि थेट मागच्या बाकावर जाऊन बसला. मी तिकिटाचं मशीन घेऊन त्याच्यापाशी गेले. डोळे आणि चष्मा पाहूनच ओळखलं.

"कुठं जायचं?" मी विचारलं.

"रामटेक," आवाज बदलून ते म्हणाले.

मी तिकीट फाडून दिलं. त्यांनी ते खिशात ठेवलं. रामटेकला उतरले, एक चहा प्याले आणि त्याच बसनं परत आले. संध्याकाळी घरी मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. जेवताना फक्त म्हणाले, "गाडी चालवते बरी तो ड्रायव्हर. वळणावर जोर नाही करत." मी मान खाली घालून हसू दाबलं. पुढच्या दिवसापासून ते आले नाहीत.

माझा हात मोडला तो मात्र बसमध्ये नाही, घरातच. उन्हाळा चढायच्या आधी कूलर काढायचा होता. जाळ्यांमधला जुना वाळा काढून नवा भरायचा, तर मी स्टूल ओढलं. मामाजी खालून म्हणत होते, "त्याचा एक पाय हालते. उतर. मी बोलावतो कोणाले तरी." मी म्हटलं, झालंच. आणि स्टुलाचा तोच पाय सरकला. उजव्या कोपरावर सगळा भार आला. मी फरशीवर पडले, तेव्हा पहिला आवाज माझा नव्हता, मामाजींचा होता.

हाडाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, तारा घालून हाड जोडलं, मग प्लास्टर. त्या सगळ्या दिवसांत "मी सांगितलं होतं" हे शब्द मामाजींच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. त्यांनी स्टूल मात्र मोडून चुलीत घालायला शोभाताईंच्या गावी पाठवून दिलं.

प्लास्टर निघालं आणि खरी भीती पुढे आली. हाड जुळलं होतं, पण कोपर जागचं हलेना. अर्ध्यात वाकलेला हात तसाच राहिला, मनगटाला पिशवी अडकवून उभी असल्यासारखा. सरळ होईना की वर येईना. घास तोंडापर्यंत पोचत नव्हता, कंगवा केसांपर्यंत पोचत नव्हता. मी डाव्या हातानं जेवायला लागले. शोभाताई सकाळी येऊन माझी वेणी घालायच्या. वाहकाच्या कामात एक हात डोक्यावरच्या दांड्याला आणि दुसरा मशीनला लागतो. मला कामावर घ्यायचं की नाही, ते वैद्यकीय तपासणीवर ठरणार होतं. ती तारीख जवळ येत होती आणि माझा हात होता तिथेच होता.

जरीपटक्याच्या बाजारात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर थेरपीचं क्लिनिक होतं. तिथल्या मॅडम वयानं माझ्याएवढ्याच, बोलायला मोकळ्या. त्यांनी माझं कोपर हातात घेऊन दाबून, वळवून पाहिलं आणि कपाटातून एक वस्तू काढली. दंडाला एक आणि मनगटाकडच्या भागाला एक, असे दोन प्लास्टिकचे पट्टे, वेल्क्रोनं बंद होणारे. दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्ट्या, कोपरापाशी बिजागरी. आणि मध्ये एक आडवा स्क्रू, त्याला काळी गोल मूठ. मूठ फिरवली की दोन पट्ट्यांमधला कोन थोडासा बदलायचा. एका बाजूनं लावलं की हात सरळ व्हायचा, स्क्रूची जागा बदलली की वाकायचा. "हा स्प्लिंट," मॅडम म्हणाल्या. "सकाळी सरळ करायला, दुपारी वाकवायला. रोज अगदी थोडं फिरवायचं आणि तिथे धरून ठेवायचं. सांधा हळूहळू ऐकतो."

मामाजी शेजारी उभे होते. त्यांनी त्या मुठीकडे असं पाहिलं, जसं कोणी सापाकडे पाहतं.

"घरी फिरवणार कोण?" मॅडमनी विचारलं.

"मीच," मी म्हटलं.

"नको. तुम्ही घाईत आहात, तुमच्या तोंडावर दिसतंय. जास्त फिरवाल. दुसऱ्या कोणी फिरवायचं. काका, तुम्ही?"

"मी?" मामाजी एक पाऊल मागे सरले. "मी नाही बाप्पा. मले नाही जमत हे."

पण घरात दुसरं होतं कोण? विजय पुण्यात. शोभाताईंना त्यांचं घर, त्यांची शिलाई. शेवटी मॅडमनी मामाजींना स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं. जास्त फिरवलं तर नस दबते. बोटांना मुंग्या येतील, बोटं बधिर होतील, हात थंड पडेल. तसं झालं की लगेच पट्टे उघडायचे. मामाजींनी घाबरून मान हलवली. मग मॅडम म्हणाल्या, "आणि काका, कमी फिरवलं तर सांधा असाच धरून बसेल. मग पुन्हा ऑपरेशन, आणि त्यानंही होईल याची खात्री नाही."

मामाजींचा चेहरा मला आजही आठवतो. जन्मभर त्यांनी धोक्यापासून दूर राहायचा एकच उपाय केला होता. न करणं. स्टुलावर चढायचं नाही, पुरात गाडी घालायची नाही, अनोळखी फोन उचलायचा नाही. इथे न करण्यातही धोका होता. ऑटोत बसून घरी येताना ते वाटभर स्प्लिंटची पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. सकाळची बुद्धवंदना आटोपली की ते साबणानं हात धुवायचे, चष्मा पुसायचे, खिडकीजवळ खुर्ची ओढायचे. मग आधी पट्टे लावायचे, उघडायचे, पुन्हा लावायचे, पुन्हा उघडायचे. मी वैतागायचे. "मामाजी, कितीदा?"

"उघडून राहिले की नाही, ते तं पाहू दे. वेळ आली अन् नाही उघडले तं?"

मग दोन बोटांत मूठ धरायची. श्वास रोखायचा. फिरवायच्या आधीच विचारायचं, "दुखून राहिलं का?"

"अजून तुम्ही फिरवलंच नाही."

मग ते इतकं फिरवायचे की मूठ फिरली की त्यांची बोटं मुठीवरून घसरली, ते कळायचं नाही. लगेच माझी बोटं हातात घेऊन नखं पाहायची. सूनबाईचा हात हातात घ्यायचा त्यांना सुरुवातीला संकोच वाटायचा, म्हणून दुपट्टा मध्ये ठेवायचे. काही दिवसांनी दुपट्टा राहिला बाजूला, पण नखं पाहणं सुटलं नाही.

पुढच्या भेटीत मॅडमनी कोन मोजायची पट्टी लावली. काही फरक नव्हता. मॅडमनी पुन्हा लावली. मग पट्टी टेबलावर ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, हे असं चालणार नाही. ताण बसला पाहिजे. तिला थोडं दुखेल. ते दुखणं चांगलं आहे."

"दुखणं चांगलं कसं राहीन मॅडम?"

"तुम्ही फिरवत नाही आहात, काका."

 जिना उतरताना मामाजी एकेका पायरीवर थांबत होते. मी रागात होते. तपासणीची तारीख माझ्या डोक्यात घोंगावत होती. घरी आल्यावर मी म्हटलं, "मामाजी, तुमच्या भीतीनं माझा हात असाच राहील. मग मी काय करू? आयुष्यभर शोभाताईंकडून वेणी घालून घेऊ?"  ते अंगणात जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं आत आले, हात धुतले, खुर्ची ओढली.

"आण हात."

त्या दिवशी त्यांनी खरं फिरवलं. कोपरात आतून ताण बसला, जुनं कापड दोन्हीकडून ओढावं तसा. मी ओठ दाबले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते माझ्याकडे पाहत नव्हते, भिंतीकडे पाहत होते. "दुखून राहिलं का?" त्यांनी भिंतीकडे पाहतच विचारलं.

"हो. पण राहू द्या."

तसं रोज होऊ लागलं. ते फिरवायचे, मी दात आवळायचे, मग दोघं तिथेच बसून राहायचो. त्या वेळात ते मला गांधीबागेच्या गोष्टी सांगायचे. कोणत्या गिऱ्हाइकानं साऱ्या दुकानातली थानं उलगडायला लावली आणि एक रुमाल घेऊन गेला. कोणता व्यापारी कापडाला हात न लावता, नुसत्या वासावरून सूत ओळखायचा, असं म्हणायचा आणि नेहमी फसायचा. हे सगळं ते माझं लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून सांगत होते. स्वतःचंही असावं. मॅडमच्या पट्टीवर कोन हलायला लागला. दर भेटीत थोडा. एक दिवस माझी तर्जनी हनुवटीला टेकली. मी मामाजींना हाक मारली. ते धावत आले, त्यांना वाटलं काहीतरी झालं. मी बोट हनुवटीला लावून दाखवलं. ते खाली बसले आणि म्हणाले, "मॅडम म्हणे आता थोडं वाढवा. तं वाढवू का?"

वाढवलं, आणि तीच दुपार आली.

हात वाकवायच्या बाजूनं स्प्लिंट लावला होता. मामाजींनी रोजच्यापेक्षा जरा जास्त फिरवलं, मलाही ते सोसवलं. ते स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेले. मला जेवणानंतरची गुंगी आली. जाग आली तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही माझी नव्हतीच. मी ती दोन्ही बोटं डाव्या हातानं चिमटून पाहिली. काही नाही. हात पांढरा पडला होता, थंड. मी घाबरून डाव्या हातानं मूठ फिरवली, पण चुकीच्या बाजूला, सैल व्हायच्या ऐवजी ताण आणखी वाढला. कळ थेट खांद्यापर्यंत गेली. मी ओरडले.

मामाजी दारात आले. बघितलं. मला वाटलं, आता हे कोसळतील. पण ते आले, गुडघ्यावर बसले, मुठीला हातही लावला नाही. दंडाचा पट्टा, मनगटाचा पट्टा, फर्र फर्र करत एकामागोमाग उघडले. रोज उघडून पाहत होते ना, तसेच.  स्प्लिंट बाजूला झाला. त्यांनी माझं कोपर उशीवर हळूच सोडलं आणि गॅस बंद करून चपला घातल्या. "चाल."

ऑटोत बसल्यावर मात्र त्यांना दम धरवेना. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. बाजाराच्या गर्दीत ऑटो अडकला. हातगाड्या, दुचाकी, पुढे उभा असलेला टेम्पो. मामाजी ऑटोवाल्याला म्हणत होते, "काढ ना गा, काढ ना," आणि लगेच, "नाही, सांभाळून काढ." मी बोटं हलवायचा प्रयत्न करत होते. करंगळी हलत होती की मला तसं वाटत होतं, ते कळत नव्हतं. माझ्या मनात एकच येत होतं. कोपर मिळवता मिळवता बोटं गेली तर?

मॅडमनी हातातलं काम सोडून मला आत घेतलं. बोटं दाबून, पसरून पाहिली. टाचणीनं टोचलं. हाताला पुन्हा रंग येत होता. "नस दबली होती," त्या म्हणाल्या. "वेळेवर काढलंत. संवेदना येईल परत. थोडा वेळ लागेल, आठवडेही लागतील. दोन दिवस विश्रांती, मग पुन्हा सुरू करायचं. थोडा कमी ताण देऊन."

"पुन्हा?" मामाजी म्हणाले.

"काका, आता थांबलो तर मिळालंय तेही जाईल."

मामाजी बाकावर बसले. "मी केलं हे," ते म्हणाले. "मीच जास्त फिरवलं आज. पोरीचा हात घालवला असता मी." मॅडमनी समजावलं, मीही समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत. विजयला फोन लावून म्हणाले, "तू सुट्टी काढून ये. हे काम माझ्याच्यानं होत नाही." विजयला लगेच सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. मी शोभाताईंना विचारलं, त्या तयार झाल्या. म्हणाल्या, "येते मी शिलाईच्या आधी. त्यात काय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीजवळ बसून शोभाताईंची वाट पाहत होते. मामाजींची वंदना संपली. नळाचा आवाज आला. ते आले, हात ओले, चष्मा पुसलेला. खुर्ची ओढली.

"मामाजी, तुम्ही राहू द्या. शोभाताई येऊन राहिल्या."

"येऊ दे. चहा घेऊन जाईल."

"तुम्हाला त्रास होतो."

त्यांनी पट्टे हातात घेतले. उघडले, लावले, उघडले. मग म्हणाले, "दुसऱ्यानं फिरवलं तं मी काय करू? बाहेर अंगणात उभा राहू? तू ओरडते का, ते ऐकत राहू? ते नाही होत माझ्याच्यानं. त्याच्यापेक्षा हे बरं आहे. निदान तुझं तोंड तं दिसते समोर."

आणि त्यांनी मूठ धरली.

पुढचे सगळे दिवस ते तसेच घाबरलेले होते. भीती कमी झाली, असं मी म्हणणार नाही. उलट वाढलीच होती, कारण आता ती खरी झालेली होती. स्प्लिंट लावलेला असला की ते माझ्या समोरून उठायचे नाहीत, चहासुद्धा नाही. पण फिरवायचं तितकं फिरवायचे. रोज वर्तमानपत्राच्या कोपऱ्याची बारीक सुरळी करून माझ्या करंगळीला लावायचे. "डोळे मिट. समजून राहिलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही, मामाजी."

सुरळी ठेवून द्यायचे आणि चेहरा खिडकीकडे वळवायचे. पावसाळा अर्धा सरला होता तेव्हा एका सकाळी मी डोळे मिटले आणि करंगळीवरून काहीतरी मुंगीसारखं सरकलं. "आहे!" मी म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. पुन्हा पाहिलं, पुन्हा. मग सुरळी न लावता विचारलं, "आता?" मी म्हटलं, "आता नाही." तेव्हा कुठे त्यांना खरं वाटलं.

पहिला घास उजव्या हातानं घेतला तो दिवसही मला आठवतो. वांग्याची भाजी आणि भाकर होती. हात तोंडाच्या जरा आधी थांबला, मी मान पुढे केली, आणि घास पोचला. मामाजी समोर जेवत होते. त्यांनी आपल्या ताटातून मान वर केली नाही. तेवढं मात्र म्हणाले, "मीठ बरोबर आहे का?" भाजी त्यांनीच केली होती, आणि मीठ कमी होतं. मी म्हटलं, बरोबर आहे.

तपासणीला ते माझ्यासोबत आले. आत डॉक्टरांनी हात वर करायला लावला, मुठी आवळायला लावल्या, वजन उचलायला लावलं. हात अगदी पूर्ण सरळ होत नव्हता, शेवटचा थोडासा बाक राहिलाच होता. पण वर जात होता, डोक्यावरची दांडी धरत होता. मी बाहेर आले आणि मान हलवली.  मामाजी भिंतीला टेकून उभे राहिले आणि बराच वेळ दुपट्ट्यानं चष्मा पुसत राहिले. काचा कधीच्याच स्वच्छ झाल्या होत्या.

त्यानंतरच्या थंडीत ते गेले.

मी सकाळच्या ड्युटीवर होते. बस कामठीला थांबली होती. शोभाताईंचा फोन आला. "रंजना, भाऊजींची तब्येत जरा बरी नाही. ये तू." त्यांचा आवाज ऐकूनच मला कळलं, पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं. ड्रायव्हर दादांनी डेपोत फोन केला, मी मशीन त्यांच्याजवळ दिलं आणि शेअर ऑटोत बसले. ऑटो भरेपर्यंत तो निघेना. मी त्याला निघायची विनवणी करत होते. मग निघाला तर प्रत्येक खड्ड्याला मला वाटत होतं, अजून उशीर होईल. कशाला उशीर, हे मी मनात पूर्ण होऊ देत नव्हते. गल्लीत शिरले तेव्हा आमच्या फाटकाशी माणसं उभी होती, आणि त्यांनी मला वाट करून दिली.

वंदना करून ते अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसले होते, पेपर घेऊन. शोभाताईंनी समोरून पाहिलं तर पेपर खाली पडलेला आणि मान एका बाजूला. त्यांनी हाक मारली, मग धावत आल्या. झोपेत जावं, तसे गेले होते.

विजय रात्री पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील घेतलं. तिरडी उचलायची वेळ झाली. पुढे डाव्या बाजूला विजय आला. उजव्या बाजूला मामाजींचे चुलतभाऊ येत होते. मी पुढे झाले.

"बाई, तुझ्या हाताचं ऑपरेशन झालं आहे," ते म्हणाले. "झटका बसला तं?"

"मी घेते," मी म्हटलं.

ते बाजूला सरले. मी वाकले, बांबू खांद्यावर घेतला आणि उजवा हात वाकवून तो खांद्यापाशी घट्ट धरला. भार आला तसं कोपर आतून ओढलं गेलं. मला भीती वाटली, खूप भीती वाटली. हात सुटला तर, मध्येच सुटला तर, एवढ्या सगळ्यांसमोर ते खाली पडले तर. मी बोटांकडे पाहिलं. पाचही बोटं बांबूवर होती आणि पाचही मला कळत होती.

गल्लीच्या वळणावर शोभाताईंच्या मुलानं खांदा बदलायला हात पुढे केला. मी मान हलवली. रस्त्यापर्यंत मीच नेलं. तिथे गाडी उभी होती.

त्या संध्याकाळी माझा हात वर जाईना. कोपर सुजलं होतं. शोभाताईंनी पोळीभाजीचं ताट आणलं आणि एकेक घास मला भरवला. विजय शेजारी बसून होता. दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे उठायच्या आधी मी खिडकीजवळ खुर्ची ओढून बसले. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि कोपर हळूहळू सरळ करायला लागले. दुखलं तिथे थांबले. मग आणखी थोडं.